समुद्री स्पंज घरच्या टँकमध्ये: काउंटरवरचा लाल, ट्रेमधला निळा आणि सम्पमधला फुकटचा

मरीन टँकच्या दुकानात प्रवाळांच्या ट्रेपाशी उभं राहिलं की कडेला लालभडक किंवा केशरी बोटं वर काढून बसलेला एक जीव हमखास दिसतो. ‘रेड फिंगर’, ‘ऑरेंज ट्री’ अशी काहीतरी पाटी असते. विक्रेत्याची तीन वाक्यंही ठरलेली असतात: याला उजेड लागत नाही, खायला घालावं लागत नाही, आणि वर पाणी साफ ठेवतो. पहिलं खरं आहे. दुसरं साफ खोटं. तिसरं अर्धवट खरं, आणि गिऱ्हाईक फसतं ते त्या अर्ध्यावरच.

बोलतोय ते जिवंत समुद्री स्पंजाबद्दल. एअर पंपाला जोडायच्या काळ्या स्पंज फिल्टरशी त्याचं नातं नावापुरतं. टँकमध्ये येणारे स्पंज ढोबळपणे तीन प्रकारचे: लाल-केशरी बोटांचे, उजेडावर बरंचसं भागवणारे निळे-हिरवे, आणि दगडाबरोबर न विचारता आलेले. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिला घेऊ नका, दुसरा बघून-पारखून घ्या, तिसरा चांगला निघाला तर जपा. दुकानात किंमत नेमकी उलट्या क्रमाने असते.

स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं असतात. आतल्या कॉलर पेशी चाबकासारखी शेपटी हलवून त्या छिद्रांतून पाणी ओढतात, कण गाळून घेतात आणि पाणी मोठ्या भोकातून, म्हणजे ऑस्क्युलममधून, बाहेर टाकतात. दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असं अंगातून जातं. अन्न म्हणजे मुख्यतः जिवाणू, काही मायक्रॉनचे शैवालकण आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. नुकतं फुटलेलं आर्टेमियाचं पिल्लू जवळजवळ अर्धा मिलिमीटर असतं. स्पंजाच्या हिशेबात तो हत्ती. ‘कोरल फूड’ म्हणून मिळणारी बहुतेक पावडरही त्याच्या छिद्रांत शिरत नाही. ती अंगावर बसते, कुजते आणि छिद्रं बुजवते.

आता ‘पाणी साफ करतो’ याबद्दल. स्पंज जिवाणू गाळतो हे खरं. पण खाल्लेलं जातं कुठे? कुरासाओच्या प्रवाळभित्तीवरच्या स्पंजांवरचं २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेलं काम दाखवतं की विरघळलेला सेंद्रिय माल स्पंज शोषून घेतात आणि आपल्या पेशी झाडून त्याचा गाळ करून बाहेर टाकतात, तो गाळ मग खेकडे-कोळंब्यांसारखे तळाचे प्राणी खातात. शिवाय अनेक स्पंजांच्या अंगात अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात, म्हणजे नायट्रेट बाहेर पडतंच. भित्तीवर ही साखळी सुंदर चालते. २०० लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र नायट्रेट कमी करायला स्पंज आणणं म्हणजे आगीत तेल. नायट्रेट काढायचं तर पाणी बदला, स्किमर (फेसावर घाण पकडून बाहेर काढणारं यंत्र) नीट लावा, सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत, केटोमॉर्फा शैवाल वाढवा.

लाल बोटांचा स्पंज मरतो तो दोन कारणांनी. एक झटपट, एक सावकाश.

झटपट मरण हवेमुळे. स्पंज पाण्याबाहेर काढला की छिद्रांतलं पाणी गळतं आणि नळ्यांत हवा शिरते. परत पाण्यात बुडवला तरी ती हवा निघत नाही, कारण बुडबुडा ढकलून काढायला लागणारा जोर कॉलर पेशींकडे नसतो. जिथे हवा अडकली तिथे पाणी फिरत नाही, पेशी गुदमरतात. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात बोटाच्या मध्यावर किंवा टोकाशी राखाडी ठिपका येतो, त्यावर कोळ्याच्या जाळीसारखी पांढरी बुरशीसदृश साय धरते, आणि बोट चिमटीत धरलं तर भिजलेल्या पावासारखं सुटतं. तसं होण्याआधीच राखाडी भागाच्या खाली निदान १ सेंटिमीटर निरोगी लाल भाग धरून नव्या ब्लेडने, पाण्याखालीच, कापून टाकायचं. कात्री नको, ती चिरडते. उशीर झाला तर कूज बुडापर्यंत उतरते.

म्हणून दुकानात पहिली अट: स्पंजाला हवेत उचलू द्यायचं नाही. विक्रेता सवयीने चिमट्याने उचलून पिशवीत टाकतो, आधीच थांबवा. पाण्याच्या पिशवीत वर हवा ठेवतात, ती माशांसाठी ठीक आहे. लोकलच्या किंवा एसटीच्या हिंदकळ्यांत स्पंज त्या हवेत दहा वेळा डोकं काढतो. घरून घट्ट झाकणाची दोन लिटरची बरणी न्या. बरणी ट्रेमध्ये पूर्ण बुडवायची, तिरकी करून आतली हवा काढायची, स्पंज दगडासकट आत सरकवायचा आणि झाकण पाण्याखालीच लावायचं. बोटभर तुकड्याला एवढ्या पाण्यात तासा-दोन तासांचा प्रवास झेपतो. त्याहून लांबचा पल्ला असेल तर बरणी मोठी घ्या. एअर स्टोन लावू नका, कारण त्याचे बारीक बुडबुडेही छिद्रांत अडकतात.

घरी आल्यावर बरणीतलं थोडं पाणी काढायचं, स्पंज बुडालेला राहील एवढं ठेवूनच, आणि बारीक नळीने टँकचं पाणी थेंबथेंब सोडायचं. बरणी भरत आली की पुन्हा थोडं काढायचं. तास-सव्वा तासात बरणीतलं बहुतेक पाणी आपल्या टँकचं झालेलं असतं. मग बरणीच टँकमध्ये उतरवायची आणि आत आडवी करून स्पंज बाहेर घ्यायचा. दुकानाचं थोडं पाणी टँकमध्ये येतं, पण स्पंज हवेत काढण्यापेक्षा ते परवडतं.

सावकाश मरण उपासमारीचं, आणि खरी फसवणूक इथे आहे. रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा टँक, आपण मुद्दाम उपाशी ठेवतो. स्किमर जिवाणू आणि सेंद्रिय पदार्थ ओढतो, यूव्ही दिवा लावला असेल तर तो तरंगते जिवाणू मारतो, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन उरलेलं शोषतो. प्रवाळांना हे मानवतं, लाल स्पंजाला नाही. तो पहिले दोन-तीन महिने साठवणीवर काढतो. नंतर बोटं बारीक होतात, टोकं गोलसर होतात, ऑस्क्युलम मिटलेले राहतात, रंग मात्र तसाच. पुढच्या काही महिन्यांत तो अंगठ्याएवढा उरतो आणि मग एका आठवड्यात कुजतो. ‘आमच्याकडे महिना झाला, मस्त आहे’ हा विक्रेत्याचा दाखला म्हणून अर्धाच कामाचा: हवेच्या मारातून वाचला एवढं त्यातून कळतं, तुमच्या टँकमध्ये पोट भरेल का ते कळत नाही.

तरी घ्यायचाच असेल तर बूड बघा. बूड दगडावर स्वतः पसरून चिकटलेलं हवं. गोंदाने किंवा रबरबँडने नव्या दगडावर बसवलेला तुकडा म्हणजे ताजी कापलेली फांदी. ऑस्क्युलम उघडे दिसावेत, अंगावर गाळाचा थर नसावा, एकही राखाडी-पांढरा डाग नसावा. ट्रेच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास असेल तर त्या ट्रेतलं काहीच घेऊ नका. पाटीवरच्या नावाला अर्थ नाही. एकाच ‘रेड फिंगर’ नावाखाली वेगवेगळ्या वंशांचे स्पंज विकले जातात आणि रंगावरून जात ओळखता येत नाही. ओळख पटते ती कंटिकांवरून, म्हणजे आतल्या सूक्ष्म कुसळांवरून. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ब्लीचमध्ये ठेवला की मांस विरघळतं आणि कुसळं खाली उरतात. ती धुऊन त्यांवर व्हिनेगर टाकल्यावर फसफसली तर कॅल्शियमची, नाही तर सिलिकाची. नेमकी जात गाठायची तर मायक्रोस्कोप हवाच, पण एवढं स्वयंपाकघरात कळतं.

जागा सावलीची आणि हलत्या पाण्याची. वेव्हमेकरचा (पाणी ढवळणाऱ्या पंख्याचा) झोत थेट अंगावर नको, दगडावर आपटून परतणारा हवा. उजेडात ठेवला तर अंगावर शैवाल धरतं आणि छिद्रं बंद होतात. सावली हवी ती यासाठी. वाळूवर टेकवून तर मुळीच ठेवू नका.

निळ्यांची गोष्ट निराळी. काही चादरीसारखे पसरणारे, काही कानाच्या पाळीसारखे दुमडलेले. कोलोस्पोंजिया आणि लॅमेलोडिसिडिया या वंशांतले. यांच्या अंगात सायनोबॅक्टेरिया राहतात आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला वाटा देतात. त्यामुळे स्वच्छ टँकमध्येही ते वाढतात. झोअँथिड किंवा मशरूम प्रवाळ जिथे खूश राहतात तेवढा उजेड यांना पुरतो. खालून सुरुवात करून दोन आठवड्यांत हळूहळू वर आणा. उजेड एकदम वाढवला तर ते फिके पडतात, कमी पडला तर कडा मागे सरकते. हवेचा नियम इथेही तोच.

हे वाढतात, आणि तोच त्यांचा दोषही. चादर पसरत झोअँथिडच्या वसाहतीत शिरते, पॉलिपच्या (वसाहतीतल्या एकेका जिवाच्या) बुडाशी गुंडाळते आणि ते मिटून जातात. म्हणून निळा स्पंज मुख्य खडकावर चिकटवायचा नाही. वाळूत सुटा, चार-पाच इंचांचा दगड ठेवायचा आणि त्यावर वाढवायचा. कड दगडाखाली उतरू लागली की पाण्याखाली ब्लेडने ३ ते ५ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या. पट्टी दगडाच्या खाचेत बसवून नायलॉनच्या दोऱ्याने सैल बांधली की साधारण दोन ते चार आठवड्यांत धरते. दोरा आवळला तर स्पंज आतून कापला जातो. सुपरग्लू जेलसाठी पृष्ठभाग टिपून घ्यावा लागतो, म्हणजे स्पंज हवेत येणार. त्यापेक्षा दोरा बरा.

खाऊ घालायचंच ठरवलं, लालसाठी किंवा फुकट आलेल्यांसाठी, तर दोन मार्ग आहेत. पहिला जिवंत शैवाल. नॅनोक्लोरोप्सिस २ ते ४ मायक्रॉनचं, आकाराने योग्य. पण भिंत जाड, पचायला जड. आयसोक्रायसिस थोडं मोठं पण पचायला सोपं. दोन्ही मिसळून द्यावं. टेट्रासेल्मिस १० मायक्रॉनच्या आसपास, बऱ्याच स्पंजांना मोठं पडतं. गडद हिरव्या कल्चरचं प्रमाण १०० लिटरला रोज ५ मिली, दिवे गेल्यावर, स्किमर आणि यूव्ही दोन तास बंद ठेवून. बाटली फ्रिजमध्ये आणि रोज हलवलेली हवी. तळाशी पिवळा साका आणि उग्र वास आला तर ते अन्न नव्हे, खत आहे. फेका. आठवड्याला नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.१ भाग) वर चढत गेलं तर मात्रा निम्मी करा.

दुसरा मार्ग पांढऱ्या व्हिनेगरचा. पाण्यात सोडलेला कार्बन जिवाणू खातात, जिवाणू वाढतात, स्पंजाला जेवण मिळतं. साधं ४-५ टक्क्यांचं व्हिनेगर, रंग किंवा मसाला नसलेलं, १०० लिटरला रोज २ मिली, सकाळी, जास्त प्रवाहाच्या जागी. दोन आठवडे तेवढंच. इथे स्किमर चालूच ठेवायचा. बंद केला किंवा घाईने मात्रा वाढवली तर पाणी दुधाळ होतं, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसतात. तसं झालं तर व्हिनेगर लगेच थांबवा, वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा. तापमान २७ अंशांच्या वर असताना हा प्रयोग नकोच. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चिलर नसलेला टँक सहज तिशी गाठतो. असा टँक असेल तर स्पंजाचा विचारच सोडा.

सिलिकेट हा दुर्लक्षित भाग. बहुतेक स्पंजांची कुसळं सिलिकाची असतात. आरओ-डीआय यंत्राने शुद्ध केलेलं पाणी वापरलं की ते यंत्र सिलिका काढून टाकतं आणि फॉस्फेटसाठी भरलेलं लोहाचं मीडियाही सिलिकेट ओढतं. किट शून्य दाखवत असेल आणि स्पंज पोट भरूनही वाढत नसेल तरच सोडियम सिलिकेटचा विचार करा, १ पीपीएमच्या आत राहून. काचेवर तपकिरी थर आला की थांबा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

स्पंज मेला की तो टँकमध्ये ठेवून ‘बघू’ म्हणायचं नाही. कुजताना अमोनिया आणि स्वतःच्या बचावासाठी साठवलेली रसायनं एकदम पाण्यात सुटतात. दगडासकट काढा, २५ ते ३० टक्के पाणी बदला, १०० लिटरला ५०-६० ग्रॅम कार्बन नव्याने लावा आणि सलग तीन दिवस अमोनिया मोजा. हात घालताना हातमोजे असू द्या. टेडानियासारख्या अग्निस्पंजांनी हाताला आग होते, आणि साध्या स्पंजाचीही कुसळं कातडीत मोडतात. मोडली तर चोळू नका. सेलोटेप लावून उपटा, मग पातळ व्हिनेगरमध्ये हात बुडवा.

सोबती निवडताना मोठे एंजलफिश (पोमाकँथस, होलाकँथस) आणि मूरिश आयडॉल वगळा. स्पंज हा त्यांचा नेहमीचा खुराक आहे. माशांचा आजार काढायला टँकमध्ये तांबं किंवा फॉर्मालिन टाकलं तर स्पंज वाचत नाही.

आता न विचारता आलेले. यातले दोन प्रकार ओळखून बाहेर काढायलाच हवेत. प्रवाळाच्या सांगाड्यावर किंवा शिंपल्यावर पिवळे, केशरी, तपकिरी ठिपके रांगेने उमटले आणि खरवडूनही आतून परत आले, तर तो क्लायोना, पोखरणारा स्पंज. दिसतो तो ठिपका, घर आत. तो रसायनाने कॅल्शियम सोडवत आत जातो आणि सांगाडा ठिसूळ होतो. तो दगडच काढा. दुसरा टर्पिओस: राखाडी-काळा, रंगाचा हात मारल्यासारखा पातळ थर, जिवंत प्रवाळावर चढणारा. ग्वामच्या भित्तींवर याने मोठं नुकसान केलं. यांपैकी काहीही टँकमध्ये घासू नका. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज रेशमी कापडातून पिळून सुट्या पेशी केल्या, तर त्या पेशी पुन्हा एकत्र येऊन स्पंज तयार झाला. सगळेच स्पंज इतके चिवट नसतात, पण घासून उडालेला चुरा आपोआप मरेल या भरवशावर राहू नये. दगड बादलीत काढूनच घासा.

कोकणच्या खडकावर ओहोटीला उघडे पडणारे स्पंज हवा सोसतात, मग तेच का आणू नयेत, असं मालवण-रत्नागिरीकडच्या हौशी मंडळींच्या मनात येतं. ते हवा सोसतात हे खरं. गाळाने आणि जिवाणूंनी भरलेलं पाणी सोडून आपल्या गाळीव पाण्यात मात्र ते उपाशी मरतात. आणि कायदाही आडवा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे, कॅल्शियमी स्पंजही त्याच्या परिशिष्टात आहेत. दुकानात घेतानाही माल कुठून आला ते विचारा आणि बिल मागा.

राहिला सायकॉन. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रंध्रीय प्राण्यांचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव पाठ केलं, तोच. सेंटिमीटरभर, पांढरट, अननसाच्या आकाराचा, वरच्या भोकाभोवती पारदर्शक कुसळांची झालर. टँक सात-आठ महिन्यांचा झाला की ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (टँकचं पाणी खाली सम्पमध्ये सोडणाऱ्या कप्प्यात), सम्पच्या अंधाऱ्या कप्प्यात, पाइपांच्या आतल्या बाजूला हे उगवतात. नवखा माणूस अंडी समजून किंवा किडा समजून घाबरतो आणि खरवडून टाकतो. टाकू नका. याची कुसळं कॅल्शियमची, म्हणजे प्रवाळांसाठी तुम्ही ४२० पीपीएमच्या आसपास कॅल्शियम राखता त्यातच याचं भागतं. वेगळं सिलिकेट नको, वेगळं खाणं नको. प्रवाळांवर चढत नाही, पोखरत नाही. संख्या एकदम वाढली तर समजायचं की आपण माशांना जास्त खायला घालतोय, आणि दोन आठवडे हात आखडता घ्यायचा.

त्रास एकच: सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या जाळीवर दाटी झाली की प्रवाह मंदावतो. पंप धुताना तो नळाखाली धरू नका. बादलीत टँकचंच पाणी घ्या, पंप त्यात बुडवून जुन्या टूथब्रशने जाळी घासा आणि सुटलेले सायकॉन पाण्यासकट मगाने ओव्हरफ्लोमध्ये परत सोडा.